मातांगमधली झाडलोट

शनिवार

क्वालालंपूर ते कुचिंग हा प्रवास देशातल्या देशातला, तरी विमानातून उतरल्यावर पासपोर्टवर वेगळा शिक्का बसतो. कुचिंग ज्याची राजधानी, ते बोर्नियो बेटावरचं सारावाक राज्य १९६३ साली मलेशियात सामील झालं तेव्हा आपल्या हद्दीत कोणाला येऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला, तो अजून चालू आहे. मी निघाले होते कुचिंगजवळच्या मातांग वन्यजीव केंद्रात, अनाथ ओरँगउटान वानरांच्या पिंजऱ्यांची झाडलोट करायला, पैसे भरून दोन आठवड्यांची स्वयंसेवक म्हणून. माझ्या हातात त्यामुळे पासपोर्टापेक्षा जाड फाइल होती ती वैद्यकीय तपासण्यांची. आपल्याला होणारे श्वसनाचे बहुतेक आजार ओरँगउटानलाही होतात, आणि आपण दोन दिवस नाक पुसून बरे होतो त्या सर्दीने त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून जाणाऱ्याने क्षय, कावीळ वगैरेंचे अहवाल आधी पाठवायचे. यात आपल्याकडच्या लोकांची एक खास पंचाईत होते. लहानपणी बीसीजीची लस घेतलेली असली की क्षयासाठी हातावर करतात ती चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी आली. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी तिकडे पटेपर्यंत ईमेलची ये-जा. कोणाच्या मनात जायचं असेल तर ही कामं दोन महिने आधी काढा.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. ती कुडाळला असते. निघायच्या आदल्या रात्री फोनवर म्हणाली, "घरचो गोठो झाडूक तुका धा वेळा सांगाक लागता, आणि थंय पैसे भरून माकडांचा शेण काढतलंस?" म्हटलं, आई, ती माकडं नव्हेत, त्यांना शेपूट नसते. या खुलाशाने तिचं काहीच समाधान झालं नाही.

संध्याकाळी नदीकाठाने फिरले, लाक्सा खाल्लं. कोळंबी, नारळाचं दूध आणि वर लिंबू, तेव्हा माझी तक्रार नव्हती. सोबतची मंडळी तिथेच भेटली. लंडनजवळची एक निवृत्त नर्स, दोन डच विद्यार्थी, आणि सिंगापूरचा एक हिशेबनीस. मी बँकेतली, त्यामुळे त्याचं नि माझं लगेच जमलं.

रविवार

मातांगला गाडीने तासभरही लागत नाही. दुकानं विरळ होत जातात, मग सेरापीचा डोंगर दिसायला लागतो. माथ्यावर ढग बसलेला. मातांग वन्यजीव केंद्र याच्या पायथ्याशी, कुबाह राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आहे. ते सुरू झालं १९९८ मध्ये. त्याआधी सारावाकमधले अनाथ ओरँगउटान सेमेंगोहच्या जंगलात नेत. तिथे १९७५ पासून प्राणी सोडत गेले, त्यांना पोरं झाली, पोरांना पोरं झाली आणि ६५३ हेक्टरांचं ते जंगल भरलं. म्हणून पुनर्वसनाचं काम इकडे आलं.

अनाथ पिलू सापडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे दुपारच्या माहितीसत्रात पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. ओरँगउटानचं पोर सहा-सात वर्षं आईजवळ असतं, त्यातला सुरुवातीचा काळ तर तिच्या अंगाला चिकटूनच. ती त्याला सोडत नाही. ज्याला पिलू हवं त्याला आधी आईला मारावं लागतं. म्हणजे इथल्या पिंजऱ्यात दिसणाऱ्या जवळपास प्रत्येकामागे एक मेलेली आई धरायची. आणि मादीला दोन पोरांमध्ये सात-आठ वर्षांचं अंतर असतं. एवढ्या सावकाश वाढणारा दुसरा सस्तन प्राणी शोधून सापडणं कठीण. एक मादी गेली की पुढच्या दोन पिढ्यांचा हिशेब चुकतो. हिशेबनिसाने हे वहीत लिहून घेतलं.

सारावाकला हा सगळा इतिहासच आहे. इथला राजा इंग्रज होता, जेम्स ब्रूक. त्याच्या आमंत्रणावरून आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ मध्ये इथे आला. उत्क्रांतीच्या विचारात डार्विनच्या बरोबरीने ज्याचं नाव घेतात तोच हा. त्याने संग्रहालयांसाठी बरेच ओरँगउटान गोळ्या घालून मारले. एका मादीला मारल्यावर तिचं पिलू हाती लागलं, ते त्याने जिवापाड सांभाळलं. दूध मिळेना म्हणून तांदळाची पेज पाजली. तीनेक महिन्यांत ते मेलं. पुढे शंभर वर्षांनी, १९५६ पासून, कुचिंगच्याच एका घरात बार्बरा हॅरिसन नावाच्या बाई जप्त केलेली पिलं वाढवायला लागल्या. त्यांचा नवरा टॉम सारावाक संग्रहालयाचा प्रमुख. पिलं पाळणं त्यांना जमलंच, पण वाढवलेलं पोर जंगलात परत कसं पाठवायचं हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनी नीट हाती घेतला आणि जवळच्या बाको उद्यानात प्रयोग केले. तो प्रश्न साठ-सत्तर वर्षांनी आमच्यासमोर फळ्यावर तसाच लिहिलेला होता.

मग नियम. प्राण्याला हात लावायचा नाही. मास्क काढायचा नाही. त्यांच्या डोळ्यांत टक लावून बघायचं नाही. शिंक आली तर त्या दिवशी त्या बाजूला फिरकायचं नाही. डच पोरांपैकी एकाने विचारलं, पिलू कडेवर कधी घेता येईल? मुख्य प्राणिपाल म्हणाले, "कधीच नाही." त्यांना सगळे अंकल म्हणतात, साठीचे, सारावाकमधल्या इबान जमातीचे गृहस्थ, दंडावर जुनं गोंदण. पोराचा चेहरा पडला. मला वाटतं, या क्षेत्रातली चांगली जागा ओळखायची हीच खूण. पैसे घेऊन पिलू मांडीवर देणारी ठिकाणं जगात पुष्कळ आहेत. ती पिलं कुठून येतात हे वर लिहिलंच आहे.

सोमवार

पहाटे गिबनांनी उठवलं. लांबून चढत जाणारी शीळ, तिला दुसरीकडून उत्तर. सातला नाश्ता, आठला गमबूट चढवून हजर. दारात जंतुनाशकाच्या पाण्याचा ट्रे, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही.

काम असं. रात्रीच्या पिंजऱ्यातून प्राणी सरकत्या दारातून बाहेरच्या आवारात जातात. दार बंद, कुलूप, मग दुसऱ्या माणसाने ते कुलूप ओढून बघायचं. त्यानंतरच आम्ही आत. आधी फावड्याने लेंड्या आणि उष्टं गोळा करायचं, ढकलगाडीत टाकायचं, मग पाइपाने पाणी, मग खराटा, जंतुनाशक, पुन्हा पाणी, शेवटी रबरी वायपर. छत आणि जाळ्यासुद्धा घासायच्या, कारण हे लोक जमिनीपेक्षा छताला जास्त वेळ लटकलेले असतात. हवेत एवढा दमटपणा की दहा मिनिटांत कपडे पिळून काढावेत. लेंडी नुसती टाकून द्यायची नसते. पातळ आहे का, जंत दिसतात का, बिया आहेत का, हे अंकल काडीने बघतात आणि वहीत नोंद करतात. त्या वहीतलं अक्षर सुरेख आहे.

घासून झाल्यावर फळं. लग्नघरी पहाटे भाजी चिरायला बायका बसतात तसे आम्ही पाट घेऊन बसलो. पपई, केळी, रताळी, मका, चवळीच्या शेंगा, ऊस, नाळीची भाजी. प्रत्येकाची टोपली वेगळी, वजन करून. केळी आपल्याला वाटतात तेवढी देत नाहीत. बागेतल्या फळांत साखर जास्त असते, त्याने पिंजऱ्यातले प्राणी लठ्ठ होतात. जंगलातली फळं पुष्कळदा आंबट, तुरट आणि चिवट असतात.

बाहेरच्या आवारात एक मोठी मादी आहे. तिला मी मनातल्या मनात आक्का म्हणायला लागले. ती जाळीजवळ बसून मला बघत होती, चेहरा अगदी निर्विकार. मी खराटा घेऊन वळले आणि तिने तोंडात धरून ठेवलेली पाण्याची चूळ थेट माझ्या मानेवर मारली. नेम अचूक. अंकल म्हणाले, नवीन माणूस आला की ती असं करते, चार दिवसांनी कंटाळते. नर्सबाईंवर तिने उडवलं नाही. का, ते कळलं नाही.

मंगळवार आणि बुधवार

जंगलातल्या ओरँगउटानचा अर्धा दिवस खाणं शोधण्यात आणि खाण्यात जातो. पिंजऱ्यात तेच खाणं टोपलीतून आलं की दहा मिनिटांत संपतं. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं? इथेच आमचा खरा उपयोग. खाणं लपवायचं, अवघड करायचं. बांबूच्या पेरांना भोकं पाडून आत मध आणि कुटलेले दाणे भरायचे. केळीच्या पानात भात-रताळं बांधून वर तागाचं पोतं गुंडाळायचं, त्याला गाठी मारायच्या. पाण्यात फळांचे तुकडे टाकून बर्फाच्या लाद्या करायच्या. फांद्या तोडून आणायच्या. त्या तोडायला पारांग नावाचा लांब कोयता देतात. कोकणात वाढल्यामुळे तो मला बरा चालवता आला, एवढीच या सहलीत माझी शेखी.

मोठ्या थाटात मी एका पोत्याला पाच गाठी मारल्या. आक्काने एकही सोडवली नाही. पोतं पाण्यात भिजवलं, शिवण शोधली आणि दातांनी ती उसवली. पलीकडच्या तरुण नराने बांबू तोडण्याची खटपट केलीच नाही, एक बारीक डहाळी सोलून, तिचं टोक चावून मऊ केलं आणि मध ओढून काढला.

कुलपं दोनदा तपासण्यामागचं कारणही अंकलनी तेव्हा सांगितलं. १९६८ मध्ये अमेरिकेत ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात फू मांचू नावाचा ओरँगउटान वारंवार पिंजऱ्याबाहेर सापडायचा. नोकरांवर शिव्यांचा वर्षाव झाला. शेवटी समजलं की तो तारेच्या तुकड्याने दाराची कडी उघडत होता, आणि काम झालं की तार गालात लपवून ठेवत होता. आमच्या इथे त्यामुळे काम संपल्यावर खिळे, तारा, स्क्रू सगळे मोजून परत द्यायचे. एक खिळा कमी भरला तर जेवण थांबतं. बुधवारी थांबलं. सिंगापूरवाल्याच्या बुटाच्या तळव्यात निघाला.

दुपारनंतर अस्वलांकडे. मलायी अस्वल जगातल्या अस्वलांत सर्वांत लहान, छातीवर पिवळसर चंद्रकोर, आणि जीभ इतकी लांब की पाहून दचकायला होतं. त्यांच्यासाठी ओंडक्याला खोल भोकं पाडून मध भरला. पित्तासाठी आणि पंज्यांसाठी यांची शिकार होते. ओरँगउटानच्या नावावर पैसे येतात आणि त्यातून अस्वलांचं, साळिंदरांचं, धनेशांचंही निभतं, असं तिथल्या पशुवैद्य म्हणाल्या. पत्रकावर छापण्याजोगा चेहरा सगळ्यांना नसतो.

गुरुवार

आज पिलांच्या शाळेचा दिवस, आम्ही लांबून बघणारे. प्राणिपाल मास्क लावून पिलू कमरेला लटकवून जंगलाच्या तुकड्यात नेतात. हे काम ठरलेल्या दोन-तीन माणसांचंच, म्हणजे पिलाला दिसेल त्या माणसाचा लळा लागत नाही. झाडावर ठेवलं की ते थोडं चढतं, घाबरतं, खाली बघतं आणि उतरून येतं. प्राणिपाल पुन्हा वर ठेवतात. पुन्हा उतरतं. असा सबंध सकाळभर कार्यक्रम.

घरटं बांधणं हा यातला कठीण विषय. ओरँगउटान रोज संध्याकाळी झोपायला नवं घरटं करतो. फांद्या वाकवायच्या, एकमेकींत अडकवायच्या, वर पानांचा थर. हे उपजत येत नाही. पोर आईजवळ वर्षानुवर्षं बघत, मोडत, फसत शिकतं. कुठलं फळ कुठल्या महिन्यात पिकतं, कुठल्या झाडाची साल चालते, वाळवी कशी काढायची, हेही तसंच. आईविना वाढलेल्याला हे शिकवणार कोण? माणूस, आणि माणसाला त्यातलं फार थोडं येतं. एक प्राणिपाल स्वतः फांदी वाकवून तिच्यावर बसून दाखवत होते. पिलू त्यांच्याकडे बघत केसातलं पान खात होतं. अकराच्या सुमारास एका पिलाने चार डहाळ्या ओढून खाली घेतल्या, त्यावर बसलं आणि सगळं कोसळलं. प्राणिपाल खूश. म्हणाले, मागच्या महिन्यात ओढतही नव्हतं.

जेवताना फोटोंचा विषय निघाला. डच पोराला निदान पिलाबरोबर सेल्फी तरी हवा होता. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या प्रायमेट (म्हणजे माकड-वानर) तज्ज्ञ गटाने फोटोंबद्दल नियमावली काढली. माणसाच्या कडेवर, मांडीवर किंवा अगदी जवळ वानर दिसेल असं चित्र समाजमाध्यमांवर टाकू नका, असा तिचा सूर आहे, मग तो माणूस पशुवैद्य असला तरी. बघणाऱ्याला खाली लिहिलेला मजकूर दिसत नाही, कडेवरचं गोंडस पिलू दिसतं, आणि त्याला ते पाळावंसं वाटतं. पोराने कुरकुर केली, पण ऐकलं. माझ्या फोनमध्ये या प्रवासातले सर्वांत जास्त फोटो रताळ्यांचे आहेत.

शुक्रवार

पाऊस. दिवसभर, न थांबता. गटारं साफ केली, पोती शिवली. दुपारी थोरल्या नराने गळ्याची पिशवी फुगवून लांब हाक दिली. गडगडत सुरू होते आणि उसासे टाकत संपते, जंगलात मैलभर जाते म्हणतात. आम्ही वीस पावलांवर होतो. पत्रा थरथरला.

शनिवार

सुट्टी म्हणून सेमेंगोहला गेलो. सकाळी नऊ आणि दुपारी तीन अशा दोन वेळा चौथऱ्यावर फळं ठेवतात, तेव्हा जंगलात मोकळे राहणारे ओरँगउटान आले तर येतात. तिथले वनरक्षक आधीच बजावतात: जंगलात फळांचा हंगाम असला तर कोणी येणार नाही, आणि कोणी आलं नाही तर ती चांगली बातमी समजा. गर्दीला हे पटत नाही. आमच्या पुढच्या बाकावरच्या कुटुंबाने "पैसे फुकट" असा चेहरा करून ठेवला होता. साडेनवाच्या सुमारास दोरावरून एक मादी आली, पोटाशी पोर. नारळ फोडला, पाणी प्यायली, पोराला घास मागू दिला आणि आम्हा शेसव्वाशे माणसांकडे एकदाही न बघता वर निघून गेली. आठवडाभर जाळीतून बघितल्यावर हे चालणंच वेगळं वाटतं. पायांचा हातासारखा उपयोग करायला तिला जागा होती.

रविवार

उद्यानाच्या मुख्य ठाण्यापासून केंद्रापर्यंत रायू नावाची पायवाट आहे, पावणेचार किलोमीटरची. वाटेत बिंतांगोरची झाडं लागतात. ती आपल्या उंडीच्या कुळातली. कोकणातल्या जुन्या माणसांना उंडीचं तेल माहीत असेल, दिव्याला आणि सांधेदुखीला वापरायचे. सारावाकच्या बिंतांगोरमध्ये एचआयव्हीला रोखणारं द्रव्य सापडलं, म्हणून नव्वदच्या दशकात त्यावर बरंच संशोधन झालं. घरामागच्या झाडाचे नातेवाईक एवढ्या लांब भेटले याचा मला उगाच आनंद झाला आणि तो मी नर्सबाईंना अर्धा तास ऐकवला.

घटपर्णीची झुडपं जागोजाग. कीटक पकडणाऱ्या त्यांच्या सुरईत पाणी असतं, आणि याच उद्यानात त्या पाण्यात वाढणारा एक बेडूक सापडला. इंद्रनील दास आणि अलेक्झांडर हास यांनी २०१० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. दास हे सारावाकच्या विद्यापीठात शिकवणारे भारतीय प्राणिशास्त्रज्ञ. पूर्ण वाढलेला नर तेरा मिलिमीटरांपेक्षाही लहान. तो दिसतो कसला? संध्याकाळी आवाज मात्र ऐकला, खरखरता. जळवा होत्या, पण तिलारीच्या पावसाळ्यापुढे काही नाहीत.

सोमवार ते बुधवार

सगळा वेळ बांधकामात. अग्निशमन दलाचे निकामी झालेले जाड पाइप येतात, ते कापून, विणून, बोल्ट मारून झोळ्या करायच्या. नर शंभर किलोच्या घरात जातो, साधा दोरखंड दोन दिवस टिकत नाही. शिवाय लाकडी चौथऱ्याच्या फळ्या बदलायच्या होत्या. फळ्या डोक्यावरून वाहताना मला स्पष्ट दिसत होतं की हेच काम दोन स्थानिक मजूर निम्म्या वेळात आणि जास्त चांगलं करतील. सिंगापूरवाल्याने तर आकडेमोड करून दाखवली. स्वयंसेवकाच्या श्रमांची किंमत नगण्य, पण तो भरतो त्या पैशांतून फळं, औषधं, सिमेंट येतं. मग पैसेच पाठवून घरी का बसू नये? नर्सबाई म्हणाल्या, कोण पाठवतं? त्यावर कोणाला बोलता आलं नाही.

याच केंद्रातली एक हकीकत संध्याकाळी ऐकली. अमान नावाच्या नराने विजेची तार चावली, त्यात त्याची दृष्टी गेली. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून डोळ्यांचे पशुशल्यचिकित्सक आले आणि त्याच्या मोतीबिंदूंवर शस्त्रक्रिया झाली. ओरँगउटानवर असं पहिल्यांदाच होत होतं. त्याला पुन्हा दिसायला लागलं. नर्सबाईंनी भुलीबद्दल एवढे प्रश्न विचारले की पशुवैद्य बाईंचा चहा गार झाला.

मी एक मात्र विचारत राहिले, सोडणार कुठे? मोठी संरक्षित जंगलं आतल्या भागात आहेत, इंडोनेशियाच्या सीमेलगत बातांग आई आणि लांजाक एन्तिमाऊ. तिथे ओरँगउटान आधीपासून नांदतात, त्यामुळे रोग घेऊन जाणारा पाहुणा नको. इतरत्र जंगल आहे तिथे शेजारी पाम तेलाचे मळे आहेत. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की १९९९ ते २०१५ या काळात बोर्नियोतले सुमारे १,४८,५०० ओरँगउटान कमी झाले. मला धक्का बसला तो पुढच्या वाक्याने. संख्येने सर्वांत जास्त घट झाली ती तोडून सपाट केलेल्या जागी नव्हे, उभ्या जंगलांत. म्हणजे शिकार, आणि शेतात शिरला म्हणून मारणं. नुसतं जंगल राखून भागत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. भारतातही शेपूट नसलेले वानर आहेत, ईशान्येतले हूलॉक गिबन. आसामात जोरहाटजवळ होलोंगापारचं अभयारण्य आहे, चहाच्या मळ्यांनी वेढलेलं आणि मधून रेल्वे गेलेलं. गिबन जमिनीवर उतरायला नाखूश असतात, त्यामुळे रुळांच्या पलीकडचे तिकडेच अडकतात. बोर्नियोला जायला विमानाचं तिकीट लागतं. जोरहाटला आपल्यातले किती जण गेलेत?

गुरुवार

दुपारी आवाराच्या कडेला रानअंजिरांची रोपं लावली. मग अंकल मला गाडीतून त्यांच्या भावाच्या मळ्यावर घेऊन गेले, कारण मी पाम तेलाबद्दल फार बडबडले होते. "आंटी, एकदा बघा तरी."

दोन-अडीच एकर. झाडं मूळची पश्चिम आफ्रिकेतली, आता बोर्नियो त्यांनी भरलंय. घड वीस-वीस किलोंचे, लांब बांबूच्या टोकाला विळा लावून उतरवतात. उतरवल्यावर दिवसभरात गिरणीत पोचायला हवेत, नाहीतर तेल खवट होतं. भाऊ म्हणाला, मिरी लावली होती, भाव पडला. रबर लावलं, भाव पडला. याचे पैसे दर पंधरवड्याला येतात. त्यातून मुलगी नर्सिंग शिकतेय. मी विचारलं, ओरँगउटान कधी आले होते का? तो हसला. "आजोबांच्या वेळी."

मोठ्या कंपन्यांचे हजारो हेक्टरांचे मळे वेगळे आणि हा वेगळा, हे मान्य. पण बहिष्काराची भाषा इथे उभं राहून करवत नाही. एका हेक्टरात पाम साडेतीन टनांच्या आसपास तेल देतो, सोयाबीन अर्धा टन. पाम सोडून सगळं जग सोयाबीनवर गेलं तर कित्येक पट जमीन लागेल, ती कुठून काढणार? नवं जंगल तोडायचं नाही ही अट घालणं जास्त शहाणपणाचं, आणि ती अट सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने घातली तर चालते. सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपण आहोत. जगात भारताइतकं पाम तेल कोणीच आयात करत नाही. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने रेशनवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पाम तेल होतं. आमच्या शेजारणीच्या चकल्या त्याच्यातच तळल्या होत्या, मी खाल्ल्या, कुरकुरीत होत्या. ते तेल कुठल्या जमिनीवरचं हे पिशवीवर लिहिलेलं नसतं, आणि आपण दुकानदाराला विचारत नाही.

भावाला मी दोडामार्गाबद्दल सांगितलं. तिथे जंगल तोडून रबर लावलं गेलं, आता हत्ती बागेत येतात आणि लोक वैतागलेत. त्याला सगळ्यात जास्त रस रबराच्या भावात होता.

शुक्रवार

शेवटचा दिवस, तरी आठला खराटा हातात. आक्काने पाणी उडवलं नाही. अंकल म्हणाले होते तसं कंटाळली असेल. विणलेली झोळी नराच्या पिंजऱ्यात टांगली. त्याने आधी प्रत्येक बोल्ट पिरगाळून पाहिला, मग वास घेतला, मग तिच्यात न बसता तिच्यावर पोतं टाकून खाली सावलीत झोपला. डच पोरगा जाम हिरमुसला.

अंकलनी दुपारी वही उघडून २०१९ च्या सप्टेंबरची पानं दाखवली. बोर्नियोच्या इंडोनेशियाकडच्या भागातल्या, कालिमांतानमधल्या आगींचा धूर आला होता, कुचिंगमधल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. रोज त्याच सुरेख अक्षरात, कोण खोकलं, किती वेळा.

संध्याकाळी सामान बांधलं. गमबूट तिथेच ठेवायचे असतात, पुढच्या तुकडीसाठी. सोमवारी जर्मनीहून आठ जण येणार आहेत. मला मिळालेला जोड दोन नंबर मोठा होता आणि दोन्ही टाचा सोलून निघाल्या. जाणाऱ्यांनी आपल्या मापाचे बूट घरून न्यावेत, सोबत जाड मोजे, आणि जमलं तर चांगल्या पोलादाचा एक विळा. अंकलना कुडाळचा फोटोतला विळा फार आवडला होता, पण हातसामानात विळा चालत नाही, हे ध्यानात ठेवून तो मोठ्या बॅगेत टाकावा.